हक्कसोडपत्रातल्या आत्या

माझं लग्न ठरत होतं तेव्हा सासऱ्यांनी देण्याघेण्याचं काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, "तुमचे वडील कशानं गेले?" आईकडे उत्तर तयार होतं, "गिरणीचा संप. टेन्शननं हार्ट गेलं." १९८२ चा संप हे लालबाग-परळमधल्या कितीतरी घरांत मृत्यूचं कारण म्हणून चालून जायचं, आणि पुष्कळ ठिकाणी ते खरंही होतं. सासऱ्यांनी मान हलवली, सुपारी फुटली.

बाबा १९८६ मध्ये गेले, ४३ व्या वर्षी. पण त्यांचे थोरले भाऊ, आमचे काका, गावी शेतात कोसळले तेव्हा ४६ चे होते आणि त्यांनी गिरणीचं तोंडही पाहिलं नव्हतं. आजोबाही पन्नाशीच्या आतच. मुंबईत आम्ही या तीन मृत्यूंची तीन वेगळी कारणं सांगत होतो. गावाने मात्र ते कधीच एका माळेत ओवले होते. काकी म्हणायची, "आमच्या घराण्याच्या नशिबात पन्नाशी नाय." भाऊबंदांपैकी कुणीतरी जमिनीवरून काहीतरी करून ठेवलंय असा एक समज होता, त्यासाठी देवळात कौल लावून झाले होते, दरवर्षी गाऱ्हाणं घातलं जायचं. मला त्या समजुतीचा राग यायचा. आता वाटतं, निदान त्यांना माळ दिसली होती.

२०२३ च्या पावसाळ्यात धाकट्या भावाला अटॅक आला. तो ४१ चा. आधी दोन दिवस ॲसिडिटी म्हणून जेल्युसिल पीत होता. वेळेत पोचला, ॲन्जिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला. त्याच्या फायलीत ऑफिसच्या हेल्थ चेकअपचे जुने रिपोर्ट होते. त्यात एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, २७८, लाल अक्षरात. खाली छापील सल्ला: तेलकट टाळा, रोज चाला. भावाने दोन्ही केलं. वहिनीने घरातून तूप हद्दपार केलं. पुढच्या वर्षीचा आकडा २८६ आला आणि खाली सल्ला तोच. हा आकडा चालण्याने उतरणारा नाही, पण घरात इतक्या कमी वयात गेलेलं कुणी आहे का, हे विचारायची तसदी त्या चेकअपवाल्यांनी घेतली नव्हती.

ते विचारलं वॉर्डातल्या तरुण डॉक्टरने. त्याआधी त्याने भावाच्या पायातले मोजे काढायला लावले. टाचेच्या वर पोटरीकडे जाणारी जाड शीर असते, रक्ताची नव्हे, स्नायू हाडाला बांधणारी, अकिलीस टेंडन, ती त्याने दोन बोटांत धरून पाहिली. भावाची ती शीर अंगठ्यापेक्षा जाड होती, गाठाळ. मग त्याने डोळ्यात टॉर्च मारला. बुबुळाच्या कडेने फिकट पांढरी कड होती. म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत ती दिसते, ४५ च्या आत दिसली तर डॉक्टर कान टवकारतात. "ही टाच घरात आणखी कुणाची आहे?" त्याने विचारलं. आई लगेच म्हणाली, "ह्यांची होती. मिलमध्ये आठ तास उभं राहून झालेली." माझ्या डोळ्यांसमोर मात्र काका आले. मागे पट्टा असलेली चप्पल त्यांना कधीच सोसत नसे.

आजाराचं नाव फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया, म्हणजे घराण्यातून आलेलं, चढलेलं कोलेस्टेरॉल. डॉक्टर नुसतं एफएच म्हणतात, मीही तेच म्हणते. निदानासाठी एक गुणपद्धत आहे, नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी बनवलेली. एलडीएल अडीचशेच्या वर, पाच गुण. टाचेच्या शिरेत कोलेस्टेरॉल साठलेलं, सहा. कमी वयात हृदयविकार, दोन. वडिलांना कमी वयात, एक. आठच्या वर गेलं की निदान पक्कं. भावाचे चौदा झाले. शाळेत त्याला इतके गुण कधी पडले नव्हते, हे तोच म्हणाला, ऑक्सिजनची नळी नाकात असताना.

त्यानंतर डॉक्टर माझ्याकडे वळले. सख्खी बहीण म्हणजे निम्मी शक्यता, तपासून घ्या. मी तेव्हा ४७ ची, अंगाने किडकिडीत, आणि "आमच्याकडे बायकांना ते लागत नाही" यावर आमच्या घराण्याचा गाऱ्हाण्याइतकाच विश्वास. माझं एलडीएल २४१ आलं. थायरॉइड, किडनी, लिव्हर यांच्यामुळेही कोलेस्टेरॉल वाढतं म्हणून त्या तपासण्या आधी करून घेतल्या. सगळं ठीक. माझं एलडीएल अडीचशेच्या आत आणि टाच साधी, त्यामुळे माझे गुण पाचच, म्हणजे "शक्य आहे" एवढंच. इथे जनुकीय तपासणीचा विषय निघाला.

बायकांना लागत नाही यामागचं सत्य एवढंच की बायकांना उशिरा लागतं. उपचार नसतील तर या आजारात पन्नाशीपर्यंत साधारण निम्म्या पुरुषांना हृदयाचा त्रास गाठतो. बायकांत साठीपर्यंत तो शंभरातल्या तिसेकींना गाठतो. तोवर आमच्याकडच्या बायका आजी झालेल्या असतात, दुसऱ्या आडनावाच्या घरात असतात. त्यांचा मृत्यू तिकडच्या हिशेबात जमा होतो. थोरली आत्या ५८ व्या वर्षी झोपेत गेली, तेव्हा सगळे म्हणाले साखर वाढली असेल.

परळच्या एका रुग्णालयात जेनेटिक काउन्सेलरची वेळ घेतली. मला वाटलं होतं, रक्त घेतील आणि पाठवतील. त्या बाईंनी आधी कोरा कागद पुढ्यात ओढला. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे वर्तुळ, गेलेल्या माणसावर तिरकी रेघ, आजारी असेल तर आतून काळं, ज्याच्यापासून शोध सुरू झाला त्याच्याकडे बाण. बाण भावाकडे. वडिलांना भावंडं किती, असं विचारल्यावर मी म्हटलं, एक भाऊ. त्या पेन धरून थांबल्या. "आणि बहिणी?" तीन आत्या. "त्यांची मुलं? वयं? कुणी गेलंय का, कशानं?" मला मधल्या आत्याचं ठाऊक होतं, धाकटीचं अर्धं, थोरलीचं फक्त ती वरळीला दिलेली होती आणि झोपेत गेली एवढं. कागदावर डावीकडे चौकोनांची दाटी आणि उजवीकडे तीन वर्तुळं, त्यांच्याखाली प्रश्नचिन्हं.

मग त्यांनी विचारलं, नात्यातल्या नात्यात लग्नं झाली आहेत का? आमच्याकडे मामाची मुलगी करतात, त्यात विचारण्यासारखं काय, असं माझ्या चेहऱ्यावर आलं असावं. काकांची मुलगी मधल्या आत्याच्या मुलालाच दिलेली आहे, हे मी सांगितलं. त्यांनी त्या दोघांमध्ये दुहेरी रेघ काढली आणि समजावलं. एफएच असलेल्या माणसाकडे त्या जनुकाची एक प्रत बिघडलेली असते, एक धड. अशी माणसं साधारण अडीचशे ते तीनशे जणांत एक सापडतात. दोघंही नवराबायको तसे असतील तर प्रत्येक मुलामागे चारात एक शक्यता अशी, की दोन्ही बिघडलेल्या प्रती त्याच्याच वाट्याला येतील. त्या मुलांचं एलडीएल पाचशेच्याही वर जाऊ शकतं, गुडघ्या-कोपरांवर पिवळ्या गाठी येतात, आणि अटॅक शाळेच्या वयातही येऊ शकतो. "त्यांची मुलं केवढी आहेत?" मी म्हटलं, सोळा आणि बारा. "आज रात्रीच फोन करा," त्या म्हणाल्या. बाकी सगळ्या गोष्टी त्यांनी सावकाश सांगितल्या, घाई फक्त या एका गोष्टीची केली.

तपासणी आधी भावाची. ज्याचा आजार सर्वांत ठळक, त्याच्या रक्तात बिघाड शोधायचा, तो सापडला की बाकीच्यांत फक्त ती एकच जागा तपासायची. पहिल्या तपासणीला पंधरा-वीस हजारांच्या घरात खर्च आला, नंतरच्या प्रत्येकाला त्याच्या काही अंशाने. उलट क्रमाने केलं असतं, आधी मी तपासले असते आणि काही सापडलं नसतं, तर त्याचा अर्थच लागला नसता. रक्त जांभळ्या टोपणाच्या नळीत घेतलं. संमतीपत्र मात्र वाचण्यासारखं होतं. नमुना किती वर्षं ठेवायचा, संशोधनाला वापरायचा का, रिपोर्ट नातेवाइकांना दाखवायचा का, प्रत्येकासमोर हो-नाहीचे चौकोन. भावाने "ऑफिसला कळेल का?" असं विचारलं. काउन्सेलर म्हणाल्या, आमच्याकडून नाही. आमच्याकडून या शब्दावर त्यांनी जरा जोर दिला.

काही आठवड्यांनी रिपोर्ट आला. एकोणिसाव्या गुणसूत्रावर एलडीएलआर नावाचं जनुक आहे, त्यात एका अक्षराचा बदल. शेरा: रोगकारक असण्याची दाट शक्यता. अशा बदलांच्या पाच पायऱ्या असतात. सर्वांत वरची नक्की रोगकारक, सर्वांत खालची निरुपद्रवी, आणि मधली "अर्थ निश्चित नाही". आपल्याकडच्या माणसांचे रिपोर्ट या मधल्या पायरीवर बरेचदा अडकतात, कारण तुलनेला असलेली जगातली माहिती मोठ्या प्रमाणावर युरोपीय वंशाच्या लोकांची आहे. आपल्याकडे दहा हजार भारतीयांचे जनुकसंच वाचणारा जीनोम इंडिया प्रकल्प २०२० मध्ये सुरू झाला तो त्यासाठीच. आमचा बदल वरून दुसऱ्या पायरीवर होता आणि उपचारासाठी तेवढं पुरे होतं.

या जनुकाचं काम असं. यकृताच्या पेशींवर रिसेप्टर असतात, ते रक्तातलं एलडीएल पकडून आत घेतात. एक प्रत बिघडली की असे रिसेप्टर निम्मेच कामाला येतात. दादरच्या पुलाचा एक जिना बंद ठेवला की गर्दी जशी पुलावरच तुंबते, तसं एलडीएल रक्तातच तुंबतं. आणि हे चाळिशीत सुरू होत नाही, जन्मापासून चालू असतं. खाण्यापिण्याचा वाटा यात लहान. आईने बाबांच्या डब्यातल्या सुक्या बोंबलाला आयुष्यभर जो दोष दिला, तो मी तिथल्या तिथे मागे घ्यायला लावला.

एक गोष्ट मला नंतर वाचताना लागली. हे रिसेप्टर शोधणाऱ्या डॅलसच्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ साली नोबेल मिळालं. बाबा १९८६ मध्ये गेले. १९८७ मध्ये पहिलं स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, अमेरिकेत विक्रीला आलं. ही औषधं मुळात एका जपानी माणसाच्या चिकाटीतून निघालेली. अकिरा एंडो यांनी सहा हजारांवर बुरश्या तपासल्या आणि हवा तो रेणू त्यांना तांदळावरच्या बुरशीत सापडला. आता ती गोळी आमच्या गल्लीतल्या केमिस्टकडे मिळते. एक वर्ष पुढे-मागे, असं मनात येतं खरं, पण ते औषध आल्याबरोबर लालबागला पोचलं असतं असं कोण म्हणेल.

माझ्यातही तोच बदल निघाला. नंतर माझ्या मुलांची तपासणी. सासूबाईंचं म्हणणं, "आमच्या घराण्यात असलं काही नाही, मुलांना कशाला?" मुलांचं आडनाव त्यांचं आहे, हे खरंच. नवऱ्याने मात्र वाद घातला नाही, मुलांना घेऊन गेला. मुलगा एकोणिसाचा, त्याला नाही. मुलगी पंधराची, तिला आहे. सासूबाई त्या रात्री माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "हे कुणाला सांगायचं नाही हं. स्थळं येणार आहेत उद्या." मला त्यांचा राग आला नाही. पंचवीस वर्षांपूर्वी सासऱ्यांनी विचारलेला प्रश्न उद्या कुणीतरी माझ्या नवऱ्याला विचारणार आहे, आणि संपाचं कारण सांगायची सोय आता राहिलेली नाही. मुलीला विचारलं तर ती म्हणाली, जो गोळीला घाबरेल त्याच्याशी लग्न करून मी काय करू? पंधराव्या वर्षी असं बोलता येतं.

तिला गोळी लगेच सुरू करायची की थांबायचं, यावर घरात बरेच दिवस काथ्याकूट झाला. आयुष्यभराची गोळी, तीही नववीतल्या मुलीला. डॉक्टरांनी आम्हाला नेदरलँड्समधला एक अभ्यास समजावून सांगितला, २०१९ साली छापून आलेला. ज्या मुलांना लहानपणीच स्टॅटिन सुरू केलं त्यांना वीस वर्षं पाहिलं. एकोणचाळिशीपर्यंत त्यांच्यातल्या शंभरात एकाला हृदयाचा त्रास झाला. त्यांच्याच एफएच असलेल्या आईबापांत, ज्यांना लहानपणी औषध नव्हतं, त्याच वयापर्यंत शंभरात सव्वीस जणांना झाला होता. त्यानंतर मी वाद घातला नाही. आठ-दहा वर्षांच्या वयापासून औषध देता येतं, म्हणजे भावाची नऊ वर्षांची मुलगीही त्यात येते. पुढे बाळाचा विचार असेल तेव्हा स्टॅटिन आधी थांबवतात, हेही डॉक्टरांनी मुलीला, माझ्यामार्फत नव्हे, थेट सांगितलं. ते मला आवडलं.

आता राहिलं बाकीचं घराणं. एक माणूस सापडला की त्याच्या आईबाप-भावंडं-मुलांकडे जायचं, त्यांच्यात कुणी सापडलं की त्यांच्या पुढच्यांकडे, याला कॅस्केड म्हणतात. नेदरलँड्समध्ये सरकारने १९९४ पासून अनेक वर्षं हे काम केलं, परिचारिका घरोघरी जायच्या. आपल्याकडे हे काम रिपोर्ट हातात असलेल्याने करायचं. भाऊ कामावर रुजू झालेला, आईला फोनवर बोलता बोलता रडू येतं, म्हणजे मी.

गावच्या घरी ओटीवर फ्रेम केलेली वंशावळ आहे. मूळ पुरुषापासून नऊ पिढ्या, रंगीत झाडावर, सगळे पुरुष. आमच्या पिढीत भावाचं नाव एका पानावर आहे. मुलगी म्हणून माझं नाही, काकांच्या मुलीचं नाही, आत्यांपैकी एकीचंही नाही. काउन्सेलरच्या कागदावरची तीन वर्तुळं भरायला त्या झाडाचा काडीचा उपयोग नव्हता. उपयोग झाला तो सातबाऱ्याच्या फायलीचा. आजोबांच्या जमिनीवर वारस लावताना आत्यांकडून हक्कसोडपत्र लिहून घेतलेलं होतं. जमिनीवरचा हक्क सोडायचा तर कायद्याला बाई नीट हवी असते: पूर्ण नाव, माहेरचं नाव, वय, धंदा घरकाम, राहणार अमुक. दोघींच्या सह्या, थोरलीचा अंगठा. कोर्टकचेरीचा कागद असा कामाला येईल असं वाटलं नव्हतं.

मधल्या आत्याच्या घरी फोन आधीच झाला होता. काकांच्या मुलीला एफएच आहे, तिचा नवरा, म्हणजे आतेभाऊ, साफ सुटला, त्याचं एलडीएल ११८. दुहेरी रेघेची भीती तिथेच संपली. त्यांच्या दोन मुलांपैकी थोरल्याला आहे, एकेरी, आमच्यासारखं. काउन्सेलरना मी रात्री मेसेज केला, त्यांचं उत्तर लगेच आलं. म्हणजे त्याही वाट बघत असाव्यात.

बाकीच्यांना गणपतीत गाठलं. चाकरमानी सगळे येतात, आरतीनंतर उसळ-पाव खाताना माणसं बसतात, ऐकतात. जनुकं, गुणसूत्रं यांतलं मी काही सांगितलं नाही. टाचा दाखवा म्हटलं. ओटीवर अर्धी पुरुषमंडळी पाय वर करून एकमेकांच्या टाचा दाबून बघत बसली, पोरीबाळी हसून लोळल्या. नंतर सांगितलं की टाच साधी असली तरी आजार असू शकतो, माझ्यासारखा, म्हणून रक्त द्या. सगळ्यांनी जनुकीय तपासणी करायची गरज नाही, साधं लिपिड प्रोफाइल काही शे रुपयांत होतं आणि ज्याचं एलडीएल उघडच चढलेलं आहे त्याला उत्तर तिथेच मिळतं. मधल्याअधल्या आकड्यांसाठी जनुकाची तपासणी. कणकवलीच्या लॅबचा मुलगा दुसऱ्या दिवशी घरी येऊन नमुने घेऊन गेला. काकीने विचारलं, मग देवाला घालतो ते गाऱ्हाणं बंद करायचं का? मी म्हटलं, कशाला, त्यात गोळीचंही सांगा.

धाकटी आत्या वास्कोहून आली होती, सत्तरीची. तिचं एलडीएल चढलेलं निघालं, आणि कधीपासून जिना चढताना छातीत भरून येतं हेही तिने तेव्हाच सांगितलं. रिपोर्टचा कागद हातात धरून मला म्हणाली, "बापाशीच्या जमिनीतला काय गावूक नाय, ह्या मात्र बरोबर गावला!" आणि स्वतःच खो-खो हसली. घरातल्या पुरुषांना हसावं की नाही ते कळेना.

तिच्या मुलाचा पेच वेगळा. त्याला टर्म इन्शुरन्स काढायचा होता, आणि तपासणी त्यानंतरच करीन म्हणाला. प्रश्न खोटा नव्हता. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आरोग्य विम्यातून जनुकीय आजार सरसकट वगळणं भेदभावाचं ठरवलं आणि विमा नियामकानेही कंपन्यांना त्याच सुमारास सूचना दिल्या. पण जनुकीय माहितीवरून होणाऱ्या भेदभावाविरुद्ध आपल्याकडे वेगळा कायदा नाही. अमेरिकेत २००८ पासून आहे, तरी त्यातही आयुर्विमा येत नाही. मी त्याला एवढंच म्हटलं की टर्म इन्शुरन्सच्या मेडिकलमध्ये कोलेस्टेरॉल बघतातच, जनुक लपवून तो आकडा लपणार नाही. आणि फॉर्मवर खोटं लिहिलंस तर उद्या क्लेमच्या वेळी तुझी बायको भांडत बसेल. तो अजून विचार करतो आहे. त्याच्या जागी मी असते तर आधी रक्त दिलं असतं, पण माझ्यावर कर्ज नाही, त्याच्यावर आहे.

काकांचा मुलगा मात्र सरळ नाही म्हणाला. गावी टेम्पो चालवतो, ४४ चा. "माका काय होऊक नाय. माका कित्याक सुई टोचतस?" आग्रह करायचा नाही, असं काउन्सेलरनी बजावलं होतं. माहिती द्या, दार उघडं ठेवा, न कळण्याचाही माणसाला हक्क आहे. मला हे पटतं, आणि बाबांचं वय आठवलं की पटत नाही. त्याच्या बायकोने, वहिनीने, मागच्या दारी मला गाठलं. मुलांचं रक्त घेता येईल ना? घेतलं. चौदा वर्षांच्या थोरल्याचं एलडीएल २१२, जनुकाची ती एक जागा तपासली तर बदल तोच. आता हा बदल मुलाकडे आला कुठून? वहिनीचं माहेर वेगळ्या तालुक्यातलं, तिचं एलडीएल व्यवस्थित. म्हणजे मुलाचा रिपोर्ट हा बापाचाही रिपोर्ट होता. त्याने न मागितलेला. हे असं होऊ शकतं याची कल्पना काउन्सेलरनी वहिनीला आधी दिली होती, तरी तिला मुलाला अंधारात ठेवायचं नव्हतं. तिचं बरोबर होतं असं मला वाटतं, पण त्या न कळण्याच्या हक्काचं काय झालं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. तो काही दिवस कुणाशी बोलला नाही. मग एकदा रात्री त्याचा फोन आला, इकडचं तिकडचं, पावसाचं, आणि शेवटी, "ती गोळी सकाळी घेवची की रातचा?" मी म्हटलं, डॉक्टरला दाखव, तो सांगेल तेव्हा घे, पण चुकवू नको.

भावाला आता रोसुवास्टॅटिन आणि एझेटिमाइब आहे, एलडीएल सत्तरच्या आसपास आलं आहे. ते अजून खाली हवं म्हणतात. न उतरल्यास पीसीएसके९ नावाच्या प्रथिनावरची इंजेक्शनं आहेत, एक तर वर्षातून दोनदाच घ्यायचं, पण त्यांची किंमत आमच्या बजेटात बसत नाही. माझं एका गोळीत भागतं.

थोरल्या आत्याचा शोध सर्वांत लांबला. हक्कसोडपत्रावर पत्ता होता वरळीच्या बीडीडी चाळीतला, चाळ नंबर, खोली नंबर सगळं व्यवस्थित. तिथे गेले तर चाळ पाडलेली, टॉवरचं काम चालू. ट्रान्झिट कॅम्पात विचारत फिरले. एका बाईने खोलीचा नंबर ऐकून ओळखलं, म्हणाली, मुलगी विरारला असते, आमच्याकडे हळदीकुंकवाला यायची. तिच्याकडून नंबर मिळाला.

आतेबहीण फोनवर आधी संशयाने बोलली. माहेरच्यांनी इतक्या वर्षांनी फोन केला म्हणजे जमिनीची आणखी एक सही हवी असणार, असं तिला वाटलं. सगळं सांगितल्यावर म्हणाली, "माझा दादा २०११ मध्ये गेला. ३८ चा होता. कामावर गेला तो घरी आलाच नाही." काउन्सेलरच्या कागदावर त्या वर्तुळाखाली आता एक चौकोन आला, तिरकी रेघ असलेला. त्या दादाचा मुलगा वीस वर्षांचा आहे, कॉलेजात आहे, संध्याकाळी फूड डिलिव्हरी करतो. त्याचं रक्त शनिवारी दादरच्या लॅबमध्ये घ्यायचं ठरलं आहे, आतेबहिणीचंही त्याच वेळी. उपाशीपोटी यायला हवं का, असं त्याने मेसेजवर विचारलं होतं. एलडीएलसाठी तसं लागत नाही, पण ही लॅब आग्रह धरते, तेव्हा पाणी पिऊन ये, असं मी त्याला कळवलं आहे.